जमिनीची मेहेरबानी

टिपणीस गेल्याची बातमी मला स्टेशनाजवळच्या वाण्याच्या दुकानात मिळाली. डाळ तोलता तोलता तो म्हणाला, "सर, तुमचे ते विमानवाले गेले. सकाळी. झोपेतच म्हणतात." मग पुडी बांधताना आवाज जरा खाली आणून त्याने पुस्ती जोडली, "त्या सिंधी शेठचा मुलगा ज्यांच्या विमानात गेला, तेच ना हे?" अरविंद टिपणीस निम्मं आयुष्य बदलापुरात राहिले. त्याआधी हवाई दलात विमानांच्या सांगाड्यांची देखभाल केली, नंतर अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात मेंटेनन्स सांभाळला, बदलापूरच्या मांजर्ली भागात नदीचं पाणी शिरलं तेव्हा शेजारच्या आजींना पाठुंगळी घेऊन छातीभर पाण्यातून बाहेर काढलं. पण माणसाची ओळख गाव ठरवतं, आणि एकदाच ठरवतं. टिपणिसांनी विमान बनवलं, पंखात चूक केली, त्यामुळे एक तरुण मुलगा मेला... ही ती ओळख. ती चूक आहे. त्यांना जाऊन महिना उलटून गेल्यावर मी हे लिहायला बसलो आहे ते एवढंच सांगायला. इतकी वर्षं का बोललो नाही, तेही सांगतो.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. राहायला बदलापुरात, आणि टिपणीस माझ्या समोरच्या इमारतीत राहायचे. आमची ओळख एका सत्यनारायणाला झाली. तिथे एक गृहस्थ आकाशाला गवसणी घालण्याबद्दल बोलत होते. टिपणीस प्रसाद खाता खाता माझ्या कानाशी म्हणाले, "आकाशात काही नसतं हो. हवा असते, तीसुद्धा सारखी हलत असते." मोठ्या शब्दांचा त्यांना मनापासून कंटाळा होता, आणि माझं पोट मोठ्या शब्दांवर चालत होतं. आमची मैत्री त्यामुळेच टिकली असावी. मला ते 'प्रोफेसर' म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी कधी विचारलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांना विमान बनवायची लहर आली. विमान म्हणजे, नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, शेजारी शेजारी दोन आसनं आणि कुणीतरी परदेशातून आणलेलं छोटं इंजिन. जागा आणि हत्यारं लछमनदास यांची. हे लछुशेठ उल्हासनगर कॅम्प एकमध्ये, म्हणजे सिंधी निर्वासितांच्या जुन्या छावणीत, लोखंडी कपाटं बनवत. कॅम्पात काहीही बनू शकतं यावर त्यांची श्रद्धा होती. "साईं, बनाएंगे यहाँ," ते म्हणाले, "और स्टिकर अमेरिका का लगाएंगे. कौन पूछता है." त्यांचा मुलगा किशोर बाहेरगावच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकून आला होता आणि नोकरीची वाट पाहत बापाच्या कपाटांना रंग मारत होता. विमान तोच चालवणार होता. उंच, हसरा, चोवीस-पंचवीसचा मुलगा. माझ्याशी मराठीत बोलायचा, बापाशी सिंधीत, टिपणिसांशी हिंदीत, आणि इंजिनाशी शिव्यांत.

जांभूळ गावाच्या अलीकडे एका शेतकऱ्याची भाताची खाचरं होती. मधले बांध काढून टिपणिसांनी त्यांची लांबट पट्टी केली. थंडीच्या दिवसांत, सकाळी, चाचण्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी विमान पट्टीवरून धावलं आणि कमरेएवढं उचललं जाऊन तसंच तरंगत पट्टीच्या टोकापर्यंत गेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, लछुशेठनी पेढे काढले. शेतमालक तंबाखू मळत हे बघत होता. तो टिपणिसांना म्हणाला, "साहेब, ह्यो तुमचा पाखरू उडतंय का निस्ता पलतंय?"

टिपणीस पेढा न घेता म्हणाले, "बरोबर ओळखलंत. पळतंयच. ही जमिनीची मेहेरबानी आहे." मग धुळीत उकिडवे बसून त्यांनी बोटाने पंख काढला आणि आम्हाला समजावलं. पंख हवेला खाली रेटतो, म्हणून स्वतः वर राहतो. पण पंखाच्या दोन्ही टोकांशी खालची हवा निसटून वर वळते आणि तिचे भोवरे होतात. ते भोवरे विमानाला आपल्यामागे सतत ओढत न्यावे लागतात, नांगर ओढावा तसे. जमिनीच्या अगदी जवळ मात्र या भोवऱ्यांना फिरायला जागा मिळत नाही. ओढ कमी होते, आणि ज्या वेगाला, ज्या ताकदीला विमान उडायला नको, त्यालाही ते उचललं जातं. "पंखाच्या लांबीएवढं वर गेलं," टिपणीस म्हणाले, "की जमीन हात काढून घेते. म्हणते, आता तुझं तू बघ. तेव्हा अंगात जोर असला तर चढायचं, नसला तर खाली. जोर नसताना नाक वर ओढलंत तर आणखी लवकर खाली." पुढच्या एका चाचणीत किशोर चांगला फेरी मारून आला, पण उतरताना विमान काही टेकेना. गुडघाभर उंचीवर तरंगतच राहिलं आणि शेवटच्या बांधाआधी कसंबसं बसलं. किशोर घामाघूम. टिपणीस शांतपणे म्हणाले, "उठताना लवकर उठवते आणि बसताना बसू देत नाही. आमच्या कारखान्याचे मोठे साहेब असेच आहेत." त्यांनी पंख मुद्दाम खाली, जमिनीजवळ ठेवला होता, त्यामुळे हा गुण जास्तच जाणवायचा. किशोरला तो गुण पाठ झाला होता, हे मी आवर्जून नोंदवतो.

इथवर सगळं ठीक होतं. मग आमच्या भागाचे पुढारी भाऊसाहेब यांना हे कळलं. भाऊसाहेबांचं नाव लिहीत नाही. त्यांनी ते स्वतःच पुरेशा ठिकाणी लिहून ठेवलं होतं, आणि आता पट्टीजवळच्या रस्त्यावरच्या एका स्वागत कमानीवर लिहिलं जात होतं. कमानीचं उद्घाटन त्यांच्या वाढदिवशी, आणि उद्घाटनाच्या क्षणी वरून पुष्पवृष्टी, स्थानिक बनावटीच्या विमानातून. परवानगीचं काय, असं टिपणिसांनी विचारलं तेव्हा 'ते आमच्याकडे लागलं' असं उत्तर आलं. लछुशेठ हरखून गेले. निर्वासित म्हणून आलेल्या बापाचा मुलगा तो, आणि त्याच्या पोराचं विमान साऱ्या गावासमोर उडणार होतं. मला मानपत्र लिहायला सांगण्यात आलं. ते मी लिहिलं. त्यात 'गगन' हा शब्द चार वेळा आला, कारण त्यांच्या माणसांना तीन कमी वाटले.

टिपणिसांच्या अटी दोन. उड्डाण सकाळी, ऊन चढायच्या आत. आणि फुलं तोलून. आदल्या संध्याकाळी कल्याणहून आलेला झेंडू लछुशेठच्या शेडमधल्या भंगाराच्या काट्यावर त्यांनी स्वतः तोलला. थोडा बाजूला काढायला लावला, लछुशेठ कुरकुरले, तरी काढला. उरलेला गोणपाटाच्या दोन पोत्यांत भरला. किशोरच्या शेजारचं आसन काढून तिथे ती पोती बसवायची आणि वरून दोरी ओढून उघडायची, अशी योजना होती.

दुसऱ्या दिवशी पट्टीच्या कडेला मंडप, बँड, खुर्च्या. भाऊसाहेब सकाळी आठला येणार होते. नऊ झाले, दहा झाले. एप्रिलचं ऊन, आणि भाऊसाहेब वाटेत कुठे कुठे सत्कार स्वीकारत येत असल्याच्या वार्ता. लछुशेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बादली आणि तांब्या घेऊन पोत्यांशी उभे होते. दर थोड्या वेळाने फुलांवर पाणी मारायचे. फूलवाले मारतात तसंच, त्यात वावगं काय. मी विचारलं तर म्हणाले, "सूखना नहीं चाहिए, सर. भाऊसाहेब के सर पे गिरेगा, पूरा गाँव देखेगा." टिपणीस तेव्हा पट्टीच्या दुसऱ्या टोकाला इंजिनात डोकं घालून होते.

भाऊसाहेब आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. टिपणीस म्हणाले, आता नाही. तापलेली हवा विरळ असते, पंखाला धरायला मिळत नाही आणि इंजिनही दमतं. लछुशेठनी हात जोडले. "साईं, आज ना बोलोगे तो मैं कॅम्प में मुँह कैसे दिखाऊँ?" भाऊसाहेबांच्या माणसांनी हात जोडले नाहीत. त्यांची पद्धत वेगळी होती. शेवटी किशोर म्हणाला, "काका, आपका हिसाब क्या बोलता है? हिसाब ना बोले तो मैं नहीं बैठता." टिपणिसांनी पेन्सिल काढून सिगारेटच्या पाकिटावर आकडे मांडले. ऊन धरलं, वारा नाही असं धरलं, फुलांचं आदल्या दिवशीचं वजन धरलं. आकडे पुन्हा एकदा तपासले. मग म्हणाले, "निघतं. पण घाई नको. जमिनीजवळच वेग घे, पुरेसा झाला की मगच चढ."

किशोरने तेच केलं. मी मंडपात तिसऱ्या रांगेत होतो, मला स्वच्छ दिसत होतं. विमान उचललं गेलं आणि खालीच, जमिनीला धरून, पट्टीभर गेलं. मंडपातून आवाज आले, "अरे, वर घे की." त्याने ते ऐकले नसणार. ऐकले असते तरी मानले नसते. मग त्याने हलकेच चढवलं. पट्टीच्या टोकाचं आंब्याचं झाड आहे, त्याच्या शेंड्याएवढं वर गेलं, आणि तिथे... घरातून निघालेला माणूस काहीतरी विसरल्यासारखा थबकतो ना, तसं थबकलं. मग खाली येऊ लागलं. डावीकडे वळवलं असतं तर सपाट शेत होतं, पण मध्ये मंडप होता. त्याने वळवलं नाही. समोरच्या बांधावर आपटून विमान उलटलं. बँडवाल्यांना विमान दिसेनासं झालं की वाजवायला सांगितलं होतं. त्यांनी वाजवलं. कुणीतरी धावत जाऊन थांबवेपर्यंत वाजवत होते. किशोरला अंबरनाथला नेईपर्यंत तो गेला होता.

चौकशी झाली. चौकशी करणारे आले तोवर दोन दिवसांची उन्हं होऊन गेली होती. त्यांनी सारं मोजलं, पोतीसुद्धा तोलली, आणि वजन टिपणिसांनी सांगितलं होतं त्याहून कमीच भरलं. विमान उचललं गेलं होतं हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. उचललं गेलेलं विमान पडलं, याचा अर्थ चालवणाऱ्याने पाडलं. त्यांच्या भाषेत, वैमानिकाचा अननुभव. कॅम्पाच्या भाषेत, छोकरा डर गया. भाऊसाहेबांची कमान पुढे यथावकाश खुली झाली. मानपत्र तेच होतं, फक्त 'गगन' काढलं होतं.

तेराव्यानंतर लछुशेठ टिपणिसांकडे आले. मी तिथेच बसलो होतो. सुमनवहिनींनी, म्हणजे टिपणिसांच्या पत्नीने, चहा आणून ठेवला, त्याला त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "साईं, एक बात बताओ. उठा था ना? मैंने देखा, सबने देखा. फिर गिरा क्यों? लोग बोलते हैं, डर गया. मेरा किशू डर गया था?"

टिपणिसांनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलला, आडवा धरला आणि सोडून दिला. कागद हेलकावे खात खाली आला, आणि फरशीला टेकणार तोच सरळ होऊन, फरशीपासून बोटभर वर, भिंतीपर्यंत घसरत गेला. "देखा?" ते म्हणाले. "ये उड़ना नहीं है. नीचे जमीन है, इसलिए चला. आपने जो देखा वो यही था. किशोर ने कुछ गलत नहीं किया, लछुशेठ. जैसा बोला था, बराबर वैसा किया."

"तो फिर?"

टिपणीस म्हणाले, "पंख मेरा गलत था. नीचे लगाया, छोटा बनाया. जमीन के पास उठा लिया, ऊपर संभाल नहीं सका."

लछुशेठ भिंतीजवळच्या त्या कागदाकडे पाहत होते. "मतलब बेटा ठीक था."

"एकदम ठीक था."

"तो तुमने मारा," लछुशेठ म्हणाले. आवाज चढला नव्हता. उठले, चपला घातल्या आणि गेले. स्वयंपाकघराच्या दारात सुमनवहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी त्या संध्याकाळी टिपणिसांबरोबर नदीवर गेलो. उल्हास नदी उन्हाळ्याने आटली होती. एक पाणकावळा पाण्याला पंख लागतील इतका खालून गेला, ते त्यांनी सवयीने पाहिलं. मी म्हटलं, याच पंखाने किशोरने किती फेऱ्या मारल्या होत्या, वर जाऊन, व्यवस्थित. पंख कसा चुकला? ते म्हणाले, "पंख नाही चुकला. प्रोफेसर, विमान उलटलं तेव्हा एक पोतं त्याच्या छातीवर पडलं होतं. मी ते एका हाताने बाजूला करायला गेलो. आदल्या संध्याकाळी मी ते एका हाताने उचललं होतं. आता हललं नाही. दोन्ही हात लावावे लागले, आणि माझी बाही कोपरापर्यंत ओली झाली." गोणपाट, झेंडू, आणि सकाळपासून मारलेलं पाणी. खाली जमीन होती तोवर ते पाणी तिने पेललं, वर गेल्यावर ते इंजिनाला पेलावं लागलं. आणि चौकशीला येणारे येईपर्यंत ते उन्हाने पिऊन टाकलं. "माझा हिशोब बरोबर होता," ते म्हणाले, "हेच वाईट. चुकला असता तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, मग हे सांगा ना चौकशीवाल्यांना, लछुशेठना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढी पुस्तकं वाचून या माणसाला काहीच कळलं नाही. "काय सांगू? बादली कुणाच्या हातात होती? किशोर घाबरला नाही, हे त्यांना कळायला हवं होतं, ते कळलं. मग पडलं का, याचं एक कारण तर द्यावंच लागणार. दुसरं कुठलं देऊ?" मग म्हणाले, "आणि बसू मीच दिलं ना त्याला." त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. लछुशेठ आहेत तोवर कुणाला नाही.

लछुशेठ पुढे बरीच वर्षं होते. कॅम्पातल्या प्रत्येकाला त्यांनी टिपणिसांनी काय केलं ते सांगितलं, आणि त्यांचा तो हक्कच होता. कारखान्यात टिपणिसांनी तपासलेलं काम दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेतलं जाऊ लागलं. शाळेत मुलांपुढे विज्ञानावर बोलायला बोलावलं होतं, ते बोलावणं परत घेतलं. रस्त्यात पोरं दोन हात पसरून पळत आणि धडपडल्याचं सोंग करत. टिपणीस बाजूला होऊन त्यांना वाट देत. लछुशेठ गेले तेव्हा ते स्मशानात गेले. किशोरच्या चुलतभावाने त्यांना फाटकाबाहेर उभं राहायला सांगितलं, ते उभे राहिले, राख होईपर्यंत. परत येताना मी म्हटलं, वचन संपलं, आता सांगू या. ते म्हणाले, "आता कुणाला? ज्याला सांगायचं नव्हतं तो गेला. बाकीच्यांशी माझं काय?"

मला वाटत होतं, निदान वहिनींना त्यांनी सांगितलं असेल. मागच्या आठवड्यात त्यांना भेटायला गेलो तेव्हा बोलता बोलता पाण्याचा विषय माझ्या तोंडून निघाला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून लक्षात आलं की त्यांना ठाऊक नाही. मग सगळं सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मी किशोरच्या आईकडे गेले होते. एकटी. यांनाही सांगितलं नव्हतं. तिच्या पायांवर डोकं ठेवून म्हटलं, माझ्या नवऱ्याची चूक झाली, आम्हाला क्षमा करा. तिने पाय मागे घेतले. शेवटपर्यंत बोलली नाही माझ्याशी. भाजीबाजारात दिसली की मी रस्ता बदलायची." मग म्हणाल्या, "मला का नाही सांगितलं हो?"

"तुम्ही त्या माऊलीला सांगितलं असतं," मी म्हटलं.

"सांगितलंच असतं." त्या रागावल्या होत्या. गेलेल्या माणसावर असं रागावलेलं मी फार क्वचित पाहिलं आहे. "किशोरचा बाप सुखाने मेला, यांना मोठेपणा मिळाला, आणि मी? मी काय खुन्याच्या घरात राहिले एवढी वर्षं?" मी म्हटलं, मोठेपणा कुठे मिळाला, कुणाला ठाऊकच नव्हतं. "तेच ते," वहिनी म्हणाल्या. "त्यातही यांचा एक तोरा होता." आयुष्यभर दुसऱ्यांचे तोरे टिपणाऱ्या मला हा दिसला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "छापा. तिकडे आता कुणी उरलं नाही. बाई गेली, शेड विकली. छापा."

गॅलरीत एक आसन होतं. नळ्यांच्या चौकटीवर कॅनव्हास ताणलेलं, खूप खाली, जवळजवळ जमिनीलगत. त्या सकाळी पोत्यांसाठी विमानातून काढून ठेवलं होतं ते हे, त्यामुळे तेवढंच शाबूत राहिलं. टिपणीस रोज संध्याकाळी त्यात बसत. वहिनींनी इतक्या वर्षांत त्याला कधी हात लावला नव्हता. केर काढतानासुद्धा झाडू त्याच्या भोवतीने फिरवत. मी निघताना त्यांनी ते आत ओढून आणलं. मला वाटलं, भंगारवाल्याला द्यायला बाहेर ठेवणार. पण त्यांनी पदराने कॅनव्हासवरची धूळ झटकली आणि जपून, एका हाताने भिंत धरून, त्यात बसल्या. बसणारा एकदम खाली जातो, असं ते आसन आहे. त्यांचे दोन्ही हात बाजूंना सुटले आणि बोटं फरशीला टेकली. त्या तशाच बसून राहिल्या, आणि मला म्हणाल्या, "दार ओढून घ्या."